चौऱ्याऐंशीच्या पेनल्टीबाबत माझे अखेरचे म्हणणे

मी, जोतीराम केरबा इंगवले, वय वर्षे ६८, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, धंदा पूर्वी टर्नर, आणि सन १९७५ ते १९८८ या काळात निशाण तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो ते असे:

माझी प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे. उजवा गुडघा सोडला तर कोणताही अवयव तक्रार करीत नाही. कोणी धाक दाखवला म्हणून किंवा कोणी गोड बोलले म्हणून मी हे लिहीत नाही. डॉ. अमरसिंह शेळके यांनी मला आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, असे प्रश्न विचारून बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे. माझी पत्नी शालूबाई हिचे मत वेगळे पडले. ती डॉक्टरांना म्हणाली, "ह्यांचं डोस्कं जाग्यावर असतं, तर हे चौदा वर्षं बी ग्रुपात खेळलं असतं व्हय?" वकील निशिगंधा सरनोबत यांनी हे वाक्य वगळण्याची सूचना केली. मृत्युपत्रात खरे ते सगळे यावे, म्हणून मी ते ठेवले आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी नमूद करतो की, कोल्हापुरात फुटबॉलचे मोठे संघ ए ग्रुपात खेळतात आणि त्यांच्या सामन्याला स्टेडियम भरते. बी ग्रुपाचे सामने भर दुपारी होतात. त्या वेळी जे लोक बसलेले दिसतात, त्यांतले निम्मे नंतरच्या ए ग्रुपाच्या सामन्यासाठी जागा धरायला आलेले असतात. माझी सगळी कारकीर्द त्या लोकांसमोर झाली.

कलम १. शिवाजी पेठेतील माझे राहते घर, वरच्या गच्चीसह, माझ्या पश्चात शालूबाईचे. ती हयात असेपर्यंत ते कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि तिला न विचारता रंगवूही नये. तिच्यानंतर मुलगा विजयसिंह व मुलगी संयोगिता यांचा त्यात सारखा हिस्सा राहील. विजयसिंह पुण्यात असतो व त्याला क्रिकेट आवडते. या कारणावरून त्याचा हिस्सा कमी करण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. तो मी सोडून दिला आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते शालूबाईचे. ते किती आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कलम ३. माझी लेथची हत्यारे, दोन मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि कटिंग टूलची लाकडी पेटी, संयोगिताला द्यावी. ती शिरोलीत स्वतःचे वर्कशॉप चालवते आणि व्हर्निअर वापरून झाल्यावर पुसून ठेवते. असा दुसरा माणूस आमच्या घरात नाही.

ही हत्यारे माझ्या हातात कशी आली हेही लिहून ठेवतो. १९७७ साली उद्यमनगरातल्या एका कारखानदारांना कामगारांच्या स्पर्धेसाठी एक चांगला फॉरवर्ड हवा होता. ए ग्रुपात इंगवले आडनावाचा एक नामांकित खेळाडू होता. त्याला घेऊन या, असे त्यांनी माणसाला सांगितले. माणूस पेठेत आला आणि त्याने इंगवले कुठे राहतात, फुटबॉल खेळतात ते, असे विचारले. लोकांनी माझे दार दाखवले. मला सायकलवर बसवून नेले, चहा दिला आणि नोकरीचा कागद दिला. मला वाटले, माझी कीर्ती उद्यमनगरापर्यंत पोचली. पहिल्या सामन्यात मी गोलजाळ्याच्या पुढ्यातून दोन चेंडू बाहेर मारले. मध्यंतरात मालक जवळ येऊन शांतपणे म्हणाले, "तू दुसरा इंगवले दिसतोस." मी हो म्हणालो. मग मैदानाकडे बघत म्हणाले, "आता आलाईस तर लेथ शिक." मी लेथ शिकलो आणि त्यावर चौतीस वर्षे काढली. त्या मालकांचे उपकार मी विसरलेलो नाही.

कलम ४. कपाटातली निळी वही विजयसिंहाला द्यावी. तीत माझे सगळे गोल तारीखवार लिहिलेले आहेत. एकूण तेवीस. त्यांतले दोन आपल्याच जाळ्यात गेलेले आहेत, पण मारणारा मीच असल्यामुळे धरले आहेत. पहिला गोल मी पाठमोरा असताना झाला. आमच्या हाफबॅकने मारलेला चेंडू माझ्या पार्श्वभागावर आदळून आत गेला. गोल झाल्याचे मला लोकांच्या हसण्यावरून कळले. तरी वहीत त्याची नोंद इतर गोलांसारखीच आहे. विजयसिंहाने ही वही एकदा तरी वाचावी. चौदा वर्षांत तेवीस म्हणजे फार नव्हेत. पण दर रविवारी पहाटे उठून, गुडघ्याला तेल चोळून, या खेपेला होईल असे समजून मी मैदानावर जात होतो, आणि ते वहीत कुठेही लिहिलेले नाही.

कलम ५. निशाण तालीम मंडळास माझी विनंती आहे की, माझ्या नावाने स्मृती सामना ठेवू नये. तो आपण हरू. फोटो लावायचाच झाला, तर ए ग्रुपातल्या कोणा खेळाडूच्या शेजारी लावू नये. लोक तुलना करतात.

कलम ६. हे कलम सर्वांत महत्त्वाचे असून, माझ्या तेराव्याला तालमीच्या दारात मोठ्याने वाचावे.

मार्च १९८४ मध्ये आमचा आणि बुरूज तालमीचा सामना होता. जिंकलो असतो, तर ए ग्रुपात गेलो असतो. शेवटची चार मिनिटे राहिली तेव्हा बरोबरी होती आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. पेनल्टी मी मारायची हे आधीच ठरले होते. मी चेंडू उचलला आणि स्टँडकडे पाहिले. तिथे माझे वडील बसलेले होते.

माझे वडील केरबा इंगवले पैलवान होते. चेंडूमागे पळणारा मुलगा त्यांना मान्य नव्हता आणि नऊ वर्षांत ते एकदाही सामन्याला आले नव्हते. त्या दिवशी ते कोणालाही न सांगता पटका बांधून आले होते. त्यांना पाहिल्यावर मी चेंडू खाली ठेवलाच नाही. आमचा कॅप्टन तवनाप्पा भरमाप्पा मगदूम जवळ आला. तो माझा शाळेपासूनचा मित्र. मी त्याला म्हणालो, "तवनाप्पा, तू मार. माझं पाय थरथरायलेत." आणि चेंडू त्याच्या हातात दिला.

तवनाप्पाने मारलेला चेंडू गोलावरून, स्टँडवरून आणि मागच्या झाडावरून गेला. तो आजवर सापडलेला नाही.

स्टँडमधून लोकांना एवढेच दिसले होते की, फॉरवर्डच्या हातातला चेंडू कॅप्टनने घेतला आणि वाया घालवला. मोठेपणा मिळवायला त्याने चेंडू हिसकावला, अशी बोलवा संध्याकाळपर्यंत पेठभर झाली. त्याचे नाव उपग्रह पडले. आम्ही पुढे माझ्या कारकिर्दीच्या अखेरपर्यंत बी ग्रुपातच राहिलो आणि त्याचा दोष तवनाप्पाच्या माथी राहिला.

मी त्याच दिवशी खरे सांगणार होतो. पण घरी गेलो तर वडील जेवायचे थांबले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते मला म्हणाले, "तुझ्या हातातनं काढून घेतला म्हणून. न्हाईतर तू मारला असतास." एवढे बोलून त्यांनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून मला दिली. मी ती खाल्ली. पुढच्या वर्षी वडील गेले. त्यानंतर सांगायला हरकत नव्हती, पण उशीर जितका वाढला तितकी लाजही वाढत गेली. तवनाप्पाचे किराणा दुकान आमच्याच गल्लीत आहे. तिथून सामान शालूबाई आणते. मी एक्केचाळीस वर्षे दुकानासमोरून मान खाली घालून जातो, तोही हाक मारीत नाही, आणि लोक समजतात की मीच त्याच्यावर रागावलेलो आहे.

तरी मी याद्वारे जाहीर करतो की, तवनाप्पाने चेंडू हिसकावला नाही, मी भ्यालो. 'उपग्रह' ही पदवी त्याच्याकडून काढून घ्यावी व माझ्या नावास जोडावी. ती माझ्या पश्चात माझ्या वारसांकडे जाईल. विजयसिंहाने तक्रार करू नये.

कलम ७. वरील मजकूर झाल्यावर वकीलबाईंनी दोन साक्षीदार आणायला सांगितले. एक डॉक्टर होतेच. दुसरा कोण, असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्या तोंडून तवनाप्पाचे नाव निघून गेले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते तो साक्षीदार चालत नाही, पण पदवी काढून घेतली म्हणजे त्याला काही दिले असे होत नाही, त्यामुळे तो चालेल, असे त्या म्हणाल्या. मागे फिरायची सोय राहिली नाही. म्हणून काल सकाळी मी कागद घेऊन त्याच्या दुकानात गेलो. काय घडले ते इथे लिहितो, कारण त्यामुळे कलम ६ मध्ये दुरुस्ती करावी लागत आहे.

दुकानात तीन गिऱ्हाइके होती. तवनाप्पा शेंगदाणे जोखत होता. मी म्हणालो, एक कागद वाचून दाखवायचा आहे. त्याने मान हलवली. मी हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. तो म्हणाला, "जोरात वाच की. मला ऐकू येत न्हाय आता." तेव्हा जे माझ्या तेराव्याला वाचायचे होते ते मी जिवंतपणी, शेंगदाणे, साबुदाणा आणि दंतमंजन घ्यायला आलेल्या माणसांसमोर, ओरडून वाचले. या खेपेला कागद मी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. गिऱ्हाइके सामान घेऊनही हलली नाहीत. चौथे येऊन उभे राहिले आणि सुरुवातीपासून वाचा म्हणाले.

तवनाप्पाने पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, पदवी तो देणार नाही. गल्लीच्या तोंडाशी कोणालाही विचारले तरी उपग्रहाचे दुकान म्हणूनच दाखवतात, कुरिअरवालेही त्याच नावाने येतात, आणि या वयात नवीन नाव लोकांच्या तोंडी बसणार नाही. सबब पदवी त्याच्याकडेच राहील व कलम ६ मधील तेवढा भाग रद्द समजावा.

मग त्याने मला आत बसवले आणि जे सांगितले ते मला माहीत नव्हते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी माझे वडील त्याच्या दुकानात गेले होते. माझ्या पोराचा गोल खाल्लास, असे त्याला सर्वांसमोर बोलले होते. मी विचारले, मग तू खरे का सांगितले नाहीस? तवनाप्पा म्हणाला, "पोराचं कौतुक करायला आलता म्हातारा. सामना बघून आलता पैल्यांदा. त्याला काय सांगायचं?"

मी म्हणालो, एवढे सोसलेस, म्हणूनच माझ्याशी बोलणे टाकलेस ना? तो म्हणाला, "पेनल्टीचं न्हवं. मलाबी मारायचीच हुती ती. मे महिन्यात सीताचं लगीन झालं. तू आला न्हाईस."

सीताबाई त्याची धाकटी बहीण. ती शाळेत असताना माझ्या जर्सीवर नऊ नंबर तिनेच हाताने शिवला होता. पत्रिका द्यायला ती स्वतः घरी आली होती. तिच्या लग्नाला तोंड दाखवायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून त्या दिवशी मी जादा पाळी मागून कारखान्यात थांबलो. तवनाप्पाने सांगितले की, पंगत बसेपर्यंत ती जोतीअण्णा आला का म्हणून विचारत होती. एक्केचाळीस वर्षे मी चुकीच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होतो, आणि खरा गुन्हा मला ठाऊकच नव्हता.

त्याने तिथूनच तिला जयसिंगपूरला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी काय बोललो ते आठवत नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "रविवारी जेवायला या दोघं. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. उशीर करू नका अण्णा, आधीच लई केलाय."

सबब, सदर मृत्युपत्र माझ्या निधनानंतर अमलात यायचे असले, तरी ते निधन येत्या रविवारपूर्वी घडू नये अशी माझी इच्छा आहे. ही बाब कायद्यात बसत नाही असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. त्यांनी ती तशीच राहू दिली आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि खाली मी आपल्या हाताने, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

ठिकाण: शिवाजी पेठ, कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

लिहून ठेवणार: (सही) जोतीराम केरबा इंगवले

साक्षीदार:

१. (सही) डॉ. अमरसिंह शेळके. लिहून देणाऱ्यांना मी आज पुन्हा तपासले. रविवारपर्यंत काळजीचे कारण दिसत नाही.

२. (सही) तवनाप्पा भरमाप्पा मगदूम, किराणा व्यापारी. सही समक्ष झाली. गाडी दुपारी तीनला दुकानासमोरून सुटेल. शालूबाईंनाही आणावे.