विहिरीतली दाढ

१० फेब्रुवारी, सोमवार

जेबानं आज दाढ मागितली. शेजारच्या खाजाभाईंची नात, नांदेडला दगडांचं शिक्षण घेऊन राहिली. देव्हाऱ्याखाली नजर गेली अन् तिथंच बसली. "आज्जी, ही तर हत्तीची दाढ हाय. वय काढू हिचं?" तुकडा कापावा लागंल म्हणते.

कापू कशी देऊ? ह्या घरात मला नांदवलं ते ह्या दाढेनं.

लग्न झालं अन् त्याच उन्हाळ्यात विहीर खोदायला घेतली. नुसता काळा पाषाण, पाणी नाही. सासूबाई — दानम्मा, जिभेला मिरची बांधलेली — म्हणायच्या, "पांढऱ्या पायाची आणली." मला माहेरी धाडायचं ठरत आलं होतं. मग एक दिवस आमचे हे घोंगडं घेऊन विहिरीत उतरले — भर मे महिन्यात — अन् वर आले ते दाढ घेऊन. "गणपतीची दाढ निघाली. हिचाच पायगुण." आणखी चार हात खोदलं अन् पाणी लागलं! तेव्हापासून दर सोमवारी सासूबाई स्वतः दाढेला तेल-विभूती लावायच्या. त्यांच्यामागं मी.

१२ फेब्रुवारी

दिली. बोटभरच कापायची, या बोलीवर.

वरची पुटं खरवडत जेबा म्हणाली, "आज्जी, हा तर तुमच्या सोमवारांचाच थर हाय."

मग मला शिकवत बसली. खडकांची उतरंडच असते — खालचं मडकं आधीचं. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. थिजल्यापासून त्यातला एक पदार्थ हळूहळू वायू होत जातो. किती झाला ते मोजलं की वय निघतं. म्हटलं, दही किती घट्ट झालं त्यावरून विरजण कधी लावलं ते कळतं, तसंच की. हसली पोरगी.

१५ मार्च

देव्हाऱ्याखालची जागा रिकामी. हे गेले तेव्हा घर असंच झालं होतं.

१४ जून

दाढ आली. जेबा मात्र मान खाली घालून बोलत होती. दाढेच्या खाचांत नदीची वाळू निघाली, अन् एक बारका शिंपला. शिंपल्यातला कार्बन किती उरला त्यावरून वय काढलं — तीसेक हजार वर्षं. आपल्या विहिरीचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा.

"दगड थिजला तवा हत्ती जन्मालाच आले नव्हते, आज्जी. ही तुमच्या विहिरीतली न्हाई. मांजरा नदीकाठची वाटते."

मग माझा पायगुण कुठला? सासूबाई गेल्या, हेही गेले, अन् म्हातारपणी मी पुन्हा पांढऱ्या पायाची.

१६ जून, सोमवार

खाजाभाईंना ओट्यावर गाठलं. कान गेलेत त्यांचे. ओरडून विचारलं, त्या उन्हाळ्यात मांजऱ्यावर कोण गेलं होतं?

"ह्याच ओट्याची वाळू आणायला, वैनी. तुमचे मालक अन् मी, गाडी जुंपून. वाळूत दाढ लागली तर लई हरखले. म्हणले, आता आईचं तोंड कसं बंद करतो बघ. घोंगड्यात गुंडाळून खाली नेली. मला म्हणले, कुनाला बोलू नको. नै बोला मैं."

मी विचारलं होतं ह्यांना तेव्हा — एवढ्या उन्हाचं घोंगडं कशाला?

"खाली गार लागतं," म्हणाले.