चरखा न थांबवणारी भाषा

प्रिय ताई,

काल तुझी जुई "मले नाही जमत" म्हणत चरख्यावरून उठली आणि आत जाऊन रडली. कारण मी आहे. दुसऱ्या कोणाला सांगायला तोंड नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

आठवतं का गं, आंधळगावच्या घरी बाबा मागावर बसायचे आणि आपण दोघी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायचो? इंग्रजीत पुन्हा नापास झालीस त्या दिवशी तू नुसती फणफणत होतीस. "गो चं वेंट काहून होते? जाणारा त तोच रायते ना!" मग तू आपली स्वतःची भाषाच काढलीस. मिक म्हणजे जाणं. झालेल्या कामाला 'रो', होणाऱ्या कामाला 'टा'. मिकरो, मिकटा. सगळ्या क्रियापदांना तेच शेपूट!

तुझी अट एकच होती. बोलताना चरखा थांबता कामा नये. आठवायला हात थांबला की तो शब्द बाद. भाषा इतकी सोपी झाली, की आपल्या चुगल्या आईलाही कळायला लागल्या. केवढी चिडली होतीस तू!

तू गेल्यावर मी मोबाईलवर भाषा बनवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरले. तिथे तुझी भाषा मांडली, तर एक जण म्हणाला, हा पोरखेळ आहे, खऱ्या भाषेत अपवाद असतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बसले अपवाद घडवत. 'मिकरो'चं 'सोलव' केलं, खाण्याचं एक, झोपण्याचं भलतंच. खूप वाहवा झाली. आणि जुई "आईची भाषा शिकव ना" म्हणाली, तेव्हा मी तिला हीच शिकवली!

काल कांड्या भरताना प्रत्येक क्रियापदाला तिचा हात अडत होता. शेवटी सूत तुटलं. "मावशी, आईले हे सारं येत होतं काय?" तिनं विचारलं. मी 'हो' म्हणाले, ताई. कसं म्हणवलं मला?

"आई हुशार होती. मीच ढ आहो," असं म्हणून ती उठली.

तू काहीच कसं लिहून ठेवलं नाहीस गं? जाऊ दे, तुला कशाला बोल लावू.

आज ती शाळेतून आली, की तुझीच भाषा शिकवेन, एकही अपवाद न ठेवता. "मग काहून बदलवली होती?" असं ती विचारणारच. तेव्हा शब्द फिरवणार नाही. "मला तुझ्या आईची लाज वाटली होती," असंच तिला सांगेन.

तुझी,
बेबी