खांदे सारखे

बाई, तुम्ही मला शेवटचं म्हणून एकच काम सांगितलं होतं आणि ते मी केलं नाही. बारा वर्षं झाली, कुणाला बोलले नाही. आज बोलायचं कारण असं की सोमवारी मला अलिबागला धर्मादाय कचेरीत जायचंय. तुम्ही सुरू केलेल्या कामाची आता रीतसर संस्था होणार. अर्ज करून देणारा वकील म्हणाला, "मावशी, हे सगळं कसं सुरू झालं ते चार ओळींत लिहून आणा." सकाळपासून बसलेय, चार ओळी होत नाहीत. चौथी शिकलेली बाई मी. मापाच्या वहीत 'छाती' लिहिताना पहिली वेलांटी काढायचे आणि तुम्ही म्हणायच्या, "काय गो, वेलांटी आखूड काढलीस, आता ब्लाऊज पन आखूड बेततेस काय?"

बोर्लीच्या बाजारामागची तुमची खोली, तीन मशिनी, भिंतीला उभा आरसा. मी एकोणीस वर्षांची आणि मला सगळ्याची घाई. कापड मिळालं की कातर चालवायची. पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचा एक खांदा वर गेला. मी म्हटलं, पदराखाली कुणाला दिसतंय? तुम्ही ब्लाऊज माझ्यापुढे टाकलात. "उसव." शिवला, परत वाकडा. "उसव." संध्याकाळपर्यंत पाच वेळा. मी रडायची राहिले होते, पण तुमच्यापुढे रडले तर तुम्ही म्हणाल कापड भिजवू नको, म्हणून उसवत राहिले. सहाव्या वेळी तुम्ही आरशाकडे बोट केलंत. "बाईमानूस वाकडं असलं तरी चालंल. खांदे सारखे पायजेत. लोकं आधी खांदे बघतात आनि मग ठरवतात हिला दाबायची का न्हाय." असलं काही शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मग दहा वर्षांनी तुमच्या छातीत गाठ निघाली, तुम्ही ऑपरेशनला मुंबईला गेलात आणि डावी बाजू तिथे ठेवून परत आलात. महिन्याभरात मशिनीवर बसलात. आम्ही सगळ्या खाली बघून हातशिलाई करतोय, आणि तुम्ही उभ्या आरशासमोर. मला अजून दिसतं. एका बाजूला वजन नाही, म्हणून तुमचा डावा खांदा वर चढलाय. तुम्ही तो हाताने खाली दाबताय, तो परत वर येतोय. "बघ गो," तुम्ही म्हणालात, "माझाच खांदा वाकडा. आता मला कोन उसवनार?" त्याच दुपारी कापड कापून ब्लाऊजच्या आत रिकाम्या बाजूला बसेल अशी पहिली उशी शिवलीत. कापसाने वजन येईना, म्हणून आत मूग भरलेत. आठ दिवस बरे गेले. मग ती मुगासकट धुतलीत आणि सावलीत वाळत घातलीत. दोन दिवसांनी उचलली तर शिवणीतून मोड बाहेर. सगळ्या जणी तोंडाला पदर लावून बसल्या. हसावं की नाही कळेना. तुम्हीच खुर्चीवर बसून इतक्या हसलात की टाके दुखले. "कांदा चिरा गो कुनीतरी," म्हणालात, "आज माझ्या छातीची उसळ खा." त्यानंतर भाजलेली नाचणी. भाजलेल्याला मोड येत नाहीत आणि पिशवी वेगळी काढून उन्हात टाकता येते. अंगणाच्या दगडी गडग्यावर उशा वाळत असल्या की शेजारीण विचारायची, पापड का घातलेत?

काम सुरू झालं ते मुरुडकडच्या त्या बाईमुळे. आगरदांड्याहून होडीने दिघीला उतरून ती आली होती, अंगावर पदर असा गच्च की श्वास कसा घेत होती देव जाणे. ब्लाऊज खूप ढगळ शिवा म्हणत होती. तुम्ही टेप हातात घेतलात, एकदा तिच्या खांद्यांकडे बघितलंत, दाराला कडी घातलीत आणि स्वतःच्या ब्लाऊजचे हूक काढलेत. "ही बघ. मेले काय मी?" ती बघत राहिली. मी दुसरीकडे बघितलं, तर मला ओरडलात, "तू पन बघ, तुला शिवायचंय." ती बाई जाताना सरळ चालत गेली. तुम्ही तिला एवढंच सांगितलंत की तुझ्यासारखी कुणी असली तर पाठव, कुणाकडून एक दमडी घेणार नाही.

मग येतच राहिल्या. जिला गाठीचं नुकतंच कळलंय तिला घेऊन तुम्ही पहाटेच्या एसटीने मुंबईला जायच्या. इस्पितळात कुठल्या खिडकीपुढे आधी उभं राहायचं, केस गेल्यावर डोक्याला कुठलं सुती कापड बांधायचं, सगळं तुम्हाला तोंडपाठ. एकीचा नवरा आमच्या खोलीत उभा राहून म्हणाला, आता हिचं काय राहिलं? तुम्ही दोरा दाताने तोडलात. "तुझं टक्कल पडलं तवा हिनं इचारलं व्हतं काय, तुझं काय राहिलं?" तोच माणूस पुढे बायकोला घेऊन दर खेपेला आला. शिव्या पुष्कळ जणी देतात, बाई. शिव्या देऊन माणूस सुधारून घेताना मी तुम्हालाच बघितलं.

आता ते काम. एकदा काजं करता करता तुम्ही म्हणालात, "मी गेले की शेजारच्या बाया आंघोळ घालतील. बघतील आनि चुकचुकतील. मला उशी घालूनच ब्लाऊज घाल. जाताना खांदे सारखे पायजेत." मी हो हो म्हटलं, घाईत होते. त्या आजाराने तुम्हाला नेलं नाहीच. सहा वर्षांनी एका दुपारी छातीत कळ आली आणि खुर्चीतच गेलात. तुमच्या मागे कुणी नव्हतं. बायांनी आंघोळ घातली, ब्लाऊज मी घालत होते. उशी माझ्या हातात होती. आणि मला आठवलं, तुम्ही उशीचा नमुना कधी कागदावर काढला नव्हता. सगळं डोळ्याने. मी केलेली प्रत्येक उशी इडलीसारखी व्हायची. तुमच्या हातची शिल्लक हीच एक, आणि गुरुवारी मुरुडहून दोघी येणार होत्या. मी उशी कमरेला खोचली आणि तुमच्या ब्लाऊजमध्ये पंच्याची घडी घातली. तिरडी उचलली तेव्हा घडी सरकली. डावा खांदा चढला. बाकीच्या रडत होत्या, मी तेवढंच बघत होते.

घरी येऊन ती उशी उसवली. एकेक तुकडा कॅलेंडरच्या पाठीवर ठेवून पेन्सिलीने गिरवला. गुरुवारी त्या दोघी सरळ चालत गेल्या. पुढे तोच नमुना पुठ्ठ्यावर उतरवला आणि आजवरची प्रत्येक उशी त्यावरच बेतलीय. आता आम्ही चौघी शिवतो, एक जण मुंबईला सोबत जाते. माफी मागत नाही. परत तसंच झालं तर परत तसंच करीन. पण तुमचा तो खांदा डोळ्यापुढून जात नाही.

वकिलासाठी मी एवढंच लिहीन की काम बाईंनी सुरू केलं. हा कागद अलिबागला नेणार नाही, मापाच्या जुन्या वहीत ठेवते. एक मात्र सांगते. त्या दिवशी उसवताना मला रडू आलं नाही. मी तुमची शिवण तपासत होते. आतल्या पिशवीच्या कोपऱ्यात तुमचे चार टाके वाकडे गेले होते, आणि तुम्हाला नुकतंच पोचवून आलेली मी, ते बघून मनातून खूश झाले.