खुनी बाहेरच राहिला

मुक्काम मिसेस टटलबाईंची खाणावळ, समुद्रकाठ
मंगळवार, दुपार

तीर्थरूप विनीताईस,

धाकट्या ऑब्रीचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, गुडघ्यांनी प्रत्यक्ष घालायला साफ नकार दिलाय). तुझा खोकला कसा आहे? खरा म्हणतोय मी, पाद्रीसाहेबांचं प्रवचन लांबलं की येतो तो नव्हे. मी ठीक. उठतो, टटलबाईंचा खारवलेला मासा गिळतो आणि धक्क्यावरच्या थिएटरात जाऊन लॉर्डसाहेबांचा खुनी ठरतो.

तू म्हणायचीस, बँकेत चिकट. चिकटलो असतो तर आज पेन्शन खात गुलाब छाटत बसलो असतो. त्याऐवजी जन्मभर नाटकात बटलर झालो, सिनेमात बटलर झालो (तो सिनेमा तू पाहिलास, पण मी दार उघडलं तेव्हा नेमकी चष्मा पुसत होतीस), आणि टीव्हीवर पहिल्या पाच मिनिटांत मरणारा म्हातारा. या नाटकातही बटलरच, पण शेवटच्या अंकात कळतं की खून त्यानंच केलाय. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावाचून कुणाचं तरी अडणार होतं. त्यात काल तुझं पत्र आलं, की चर्चच्या बायकांची बस घेऊन शनिवारी दुपारच्या खेळाला येतेस. आजवर तू माझं एकही नाटक पाहिलं नाहीस, याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही (आता काढतोय). खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मध्यंतरात मिशी चिकटवताना मी चक्क शीळ घातली.

आता, आमच्यात रंगपटात शीळ म्हणजे महापाप. घालणाऱ्यानं बाहेर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, दार वाजवायचं आणि आतून बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. डल्सी हार्बॉटल (हाऊसकीपरचं काम करते, स्वभावही तोच) किंचाळलीच, "मेल्या, आमचं वाटोळं करतोस का? हो आधी बाहेर!" बाहेर म्हणजे लोखंडी जिना आणि खाली समुद्र. दुसऱ्या गिरकीलाच मला घेरी आली. कठडा धरून बसलो, तेवढ्यात वाऱ्यानं दार लागलं (ते बाहेरून उघडत नाही), आत घंटा झाली आणि मंडळी रंगमंचावर पळाली. मी दार बडवत बसलो. ऐकतंय कोण!

शेवटी अख्ख्या थिएटरला वळसा घालून पुढच्या दाराशी आलो. तिथली तिकीटवाली बाई नवीन. म्हणे, अंक सुरू झालाय, आता सोडता येणार नाही. मी म्हटलं, "अहो बाई, मी खुनी आहे!"

"असाल हो," ती म्हणाली, "पण उशीर तो उशीर."

म्हणून दाराच्या काचेतून पाहिलं. इन्स्पेक्टरनं विचारलं, खून कुणी केला? रंगमंचावरच्या ज्या दारातून मी यायचा, त्याकडे सगळ्यांनी पाहिलं. दार काही उघडेना. मग डल्सीनं हातातला ट्रे खाली ठेवला, म्हणाली, "मी केला," आणि असं काही रडली की इन्स्पेक्टरनंही डोळे पुसले. टाळ्या काय पडल्या, ताई! तशा टाळ्या मी आजवर फक्त शेजारच्या थिएटरातून ऐकल्यात.

आमचे मॅनेजर हॅगर्टी नंतर म्हणाले, "ऑब्री, राग मानू नका. खून बटलरनं केलाय हे लोक पहिल्या अंकातच ओळखतात. आता हेच ठेवू. मग बटलर तरी हवाय कशाला?" मला राग नाही आला गं, नुसता शीण आला. रडूही आलं, ते मेकअप पुसता पुसता उरकून घेतलं.

पुरे झालं आता. तुझी मागची खोली रिकामी आहे का?

तुझा,
ऑब्री

ता. क. खोलीचं राहू दे, त्याआधी शनिवारची बस रद्द कर. बायकांना काहीही सांग, पण भाऊ नाटकात नाही हे सांगू नकोस.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच हॅगर्टी येऊन गेले. लॉर्डसाहेब करणारा गडी कंबर धरून अंथरुणाला खिळलाय. आजपासून लॉर्डसाहेब मी. पडदा उघडतो तेव्हा गालिच्यावर मरून पडलेला असतो. काम तेवढंच. पण बस रद्द करू नकोस. डाव्या बाजूला बस, माझं तोंड तिकडे असतं. डोळे मात्र उघडता यायचे नाहीत. तेव्हा पडदा वर गेला की तो पाद्रीसाहेबांसाठीचा खोकला एकदा काढ. मी हलणार नाही, पण तू आलीस हे मला कळेल.