नळी हलवू नये

४ मार्च, मंगळवार

दादाच्या दुसऱ्या रिपोर्टवरही मीच सही केली — 'जंतूंची वाढ नाही.' जंतू वाढवायची प्लेट अगदी कोरी. खिळा लागून महिना झाला, पाऊल मात्र टम्म सुजलेलं. सर्जन म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबतो. मग दोन बोटं काढावी लागतील." दादा शिंपी. त्याच्या उजव्या पायाने मशीनचं पायडल चालतं, आणि पायडलवर घर.

वहिनी फोनवर तडकली. "जंतू नाहीत म्हणतेस, मग ही घाण कशाची मारते? तुमच्या लॅबमध्ये कुणाला नाक नाही का गं?"

५ मार्च

वहिनीचं बोलणं डोक्यातून जाईना. लॅबच्या मोठ्या मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "ज्या जंतूंना हवा सोसत नाही त्यांना तू हवेत बोलावतेस. कसे येतील?"

खरंच की! जखमेवर कापसाची काडी फिरवून आणायची, टेबलावर ठेवायची, चहा झाला की प्लेटवर फिरवायची — वीस वर्षं हेच. माझा चहा होईपर्यंत ते बिचारे मरत असणार.

आज खोल नळीतला ब्रॉथ, म्हणजे जंतूंचं पातळ खाद्य, दहा मिनिटं उकळला. त्याने आतली हवा जाते. हवा राहते तिथे तो गुलाबी दिसतो. माझ्या नळीत फक्त वरती नखाएवढा पट्टा. सर्जननी पू सिरिंजमध्ये ओढून, तोंड बंद करून दिला. मी धावतच आणला आणि थेट तळाशी सोडला. हवा लागणारे जंतू वर वाढतील, न सोसणारे तळाशी, कुठेही चालणारे नळीभर. बघू.

६ मार्च

माती खाल्ली! नळी बघायला उचलली आणि मनगट आपोआप हललं. प्रत्येक नळी हलवून बघायची सवय! वरपासून खालपर्यंत गुलाबी. म्हणजे सगळीकडे हवा. दादाचा नमुना गेला, एक दिवसही गेला. रडले. मॅडम म्हणाल्या, "रडून झालं की नवीन नळी उकळायला ठेव."

दादाला परत सुई. तो हसतच होता. "माझा टाका चुकला तर उसवता येतो. बोटं परत कोण शिवणार?" मला काही हसू आलं नाही.

नव्या नळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय — हलवू नये. विशेषतः मी.

७ मार्च

काही नाही. हात पाठीमागे धरून लांबूनच पाहिली.

८ मार्च, शनिवार

ढग! तळाशी दाट ढग, वरचा पट्टा नितळ! त्याच पुवाची हवेत ठेवलेली प्लेट कोरी. म्हणजे आहेत — आणि हवा न सोसणारेच आहेत! मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री केली. सर्जनकडे मी जवळजवळ पळतच गेले. त्यांनी तिथल्या तिथे औषध बदललं. "सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकलतो. जखम साफ करतो, चार दिवस बघू."

वहिनीला कळवलं तर म्हणते, "मग? मी काय सांगत होते?" बरोबर आहे. मान्य.

१४ मार्च, शुक्रवार

घाण गेली. सूज उतरली. बोटं राहणार!! दादाने पलंगावर बसल्या बसल्या हवेतच पायडल मारून दाखवलं. एवढी मोठी बाई मी, सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.

१७ मार्च, सोमवार

लॅबचं रजिस्टर काढलं. वर्षभरात जखमांचे 'वाढ नाही' असे रिपोर्ट एकोणतीस. सगळ्यांखाली माझी सही. मॅडमना दाखवलं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

पहिला नंबर एका शिक्षिकेचा. लॅबमधून बोलतेय म्हटलं, जखम कशी आहे विचारलं. पलीकडून आवाज आला —

"अजून वाहतेय. पण तुम्हाला कसं कळलं?"