फुलोरा आणि पेसमेकर

आई, तू गेलीस त्याला एकतीस वर्षं झाली, त्यामुळे तुला हे ठाऊक नसणार. गेल्या वर्षी माझ्या छातीत, डाव्या बाजूला, पेसमेकर बसवला. काडेपेटीएवढं यंत्र, त्यातून एक तार हृदयात जाते आणि ठोका चुकला की ढकलते. अमरावतीच्या डॉक्टरांनी घरी सोडताना एकच गोष्ट बजावली, सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तुझ्या डावखुऱ्या पोरीला नेमकं हेच! तू असतीस तर त्यांना चहा पाजला असतास, कारण हा हात आवरण्यात तुझं अर्धं आयुष्य गेलं.

अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी नऊ वर्षांची आहे, महालक्ष्म्यांची पंगत बसली आहे आणि मी डाव्या हातानं कढी वाढते आहे. तू सगळ्यांदेखत डोळे वटारतेस. "डाव्या हातानं वाढतं काय व? लाज नाही वाटत?" मी मागच्या अंगणात जाऊन रडते. पुढच्या वर्षी मात्र तूच मला स्टुलावर चढवलंस, दोऱ्याचं रीळ हातात दिलंस, आणि महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या करंज्या-साटोऱ्या माझ्यापुढे ठेवल्यास. "फुलोरा तूच बांध. तुया गाठी सुटत नाही." या हाताचं तू केलेलं ते पहिलं कौतुक. लग्न होऊन अमरावतीला आले आणि इथला फुलोराही पंचेचाळीस वर्षं मीच बांधला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

गेल्या वर्षी महालक्ष्म्या आल्या तेव्हा ऑपरेशनला चौथा आठवडा चालू होता. मुलगा आणि सून सोळा भाज्या आणायला बाजारात निघाले. "फुलोरा मी बांधीन, आई. तुमी फक्त बसून सांगा," सून जाताना म्हणाली. ती दोघं परत आली तेव्हा शेवटची करंजी अजून झुलत होती आणि मी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मुलाचं लक्षच गेलं नाही. पुरुषांना फुलोरा आपोआप उगवतो असंच वाटतं. सुनेनं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाज्या निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी आरतीत मला उचकी लागली, तीही टाळ्यांच्या तालात. शेजारीण म्हणाली, "कोनीतरी याद करून राह्यलं बाई तुमाले." मग एकेकाचं नाव घेणं सुरू झालं. बाळापूरची नणंद झाली, दर्यापूरचे व्याही झाले, शेंदूरजनाघाटची आतेबहीण झाली, उचकी काही थांबेना. शेवटी कोणीतरी तुझं नाव घेतलं. तेवढ्यात मी दमून उजव्या कुशीवर कलंडले आणि उचकी थांबली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, आणि खरं सांगते, दोन दिवस मी तू आठवण काढल्याच्या आनंदात होते. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर म्हणाले, तार जागची हलली आहे. हृदयाला नीट लागत नाही आणि श्वासाच्या पडद्याला झटके देते आहे, उचक्या त्याच्याच. कुशीवर वळल्यावर ती जराशी सरकली, म्हणून थांबल्या. "हात वर केला होता का, काकू?"

मी म्हणाले, "नाही."

मुलानं खापर सुनेवर फोडलं. आदल्या आठवड्यात ती मला तिच्या माहेरच्या बारशाला दर्यापूरला घेऊन गेली होती. "तुले कोनं सांगतलं होतं आईले काळी-पिवळी जीपमधी कोंबून न्यायाले?" ती चिठ्ठी घेऊन माझी औषधं आणायला गेली. मी तिला जाऊ दिलं.

तार पुन्हा बसवली. या वेळी मी अशी घाबरले की सहा आठवडे संपले तरी हात पोटाशी धरूनच बसायची. खांदा पार आखडला. मग सून रोज मला भिंतीपाशी उभं करायची. मी बोटं भिंतीवरून वर वर चालवायची आणि जिथे थांबतील तिथे ती पेन्सिलनं खूण करायची, नातवाच्या उंचीच्या खुणांशेजारी. आज आजी माझ्याहून बुटकी, असं नातू गल्लीभर सांगत फिरायचा. दिवाळीनंतर एक दिवस माझी वेणी मी घातली, तेव्हा तिनं पेढे आणले. पेढा खाताना मला फार लाज वाटली.

परवा यंदाच्या महालक्ष्म्या झाल्या. मी रीळ सुनेच्या हातात दिलं आणि मुलाला म्हणाले, "त्या गाडीचा काही दोष नव्हता. मागच्या साली मीच स्टुलावर चढली होती." सून स्टुलावरूनच म्हणाली, "मले मालूम होतं, आई. तुमाले सगळे बोलले असते, म्हनून नाही सांगतलं." मुलानं तिची माफी मागितली, चांगली दोनदा. मला वाटलं, सुटले.

पण सुटले नाही. घरातले सगळे समजतात की मी सवयीनं, विसरून चढले. हा कागद वाचायला तू नाहीस आणि दुसऱ्या कोणाच्या हाती तो मी देणार नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला आठवत होता. सुनेचा फुलोरा माझ्याहून देखणा झाला तर, एवढीच भीती वाटली होती. यंदा झालाच आहे, आणि तिला ते मी अजून सांगितलेलं नाही.