सालीसकट

मी खाली सही करणारी, धंद्याने फळवाली, वय एकाहत्तर, दात निम्मे गेलेले पण डोकं शाबूत, कुणाच्याही दडपणाखाली न येता (माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचाय) माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते.

१. दुकानामागची खोली लेकीची. जावयाने त्यात नाक खुपसू नये.

२. तराजू, टोपल्या आणि कोपऱ्यावरची जागा धाकट्या जावेला. अट एकच: गिऱ्हाइकाला फळ सोलून द्यायचं नाही. पेरू बियांसकट, नासपती सालीसकट, संत्रं चावून खायचं. चोथ्याने पोट साफ राहतं, साखर हळू चढते, लवकर भूक लागत नाही. वर पाणी भरपूर प्यायला सांगावं.

३. शिलाई मशीन नातीला. ते माझ्या यजमानांचं. शिंपीकाम, दिवसभर बैठक, पोट म्हणजे दगड. पोटाच्या गोळ्या आणायला माझ्या समोरून जायचे. एकदा मीच दरडावलं, "गोळ्या कसल्या गिळताय? नासपती खा, आणि साल थुंकू नका!" आठवड्याने हसत आले, मग येतच राहिले. असं आमचं लग्न जमलं.

४. मुलगा. ह्याने माझ्या नाकासमोर रसाचं दुकान काढलं. फळवालीच्या पोटी रसवाला! रस गिऱ्हाइकाला, चोथा बादलीत. मी बोलणं टाकलं. हे म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा."

मग ह्यांच्या घशात गाठ झाली. माझ्या दुकानातलं एकही फळ त्यांच्या कामाचं राहिलं नाही. नासपती किसली, कुस्करली, तरी ठसका. मुलगा रोज दुपारी रस आणायचा, मलमलच्या पिशवीतून गाळलेला. पिशवीची शिवण मी ओळखली. ह्यांनीच मला चोरून लेकाला शिवून दिली होती. शेवटपर्यंत तेवढाच रस घशाखाली उतरला. मी नुसती वाटी धरून बसायची.

चोथा फेकू नये, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

५. हे कलम मी गेल्यावर नव्हे, आजच शेजारच्या चावीवाल्या भाऊंनी मुलाला वाचून दाखवावं. बाळा, हे गेल्यापासून मलाही घास उतरत नाही. कुणाला सांगितलं नाही. उद्या दुपारी रस घेऊन ये. त्याच पिशवीतून गाळ. चोथ्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही.

साक्षीदार: शेजारचे चावीवाले भाऊ (सही)
साक्षीदार: वरच्या मजल्यावरची नर्स (सही)
लिहून ठेवणार: फळवाली (सही, वाकडी असली तरी माझीच)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: आज सोमवार, बाजार बंद